धोंड्या गेला त्या संध्याकाळचं पाणी

बायको, उज्ज्वला, गेल्याचं दयानंदला कळलं तेव्हा हिवरदऱ्याची गटारं तुडुंब भरून वाहत होती.

संध्याकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती. दयानंद घोडके उंच टाकीच्या पायथ्याला, वॉलच्या चेंबरपाशी उभा होता. नगरपरिषदेच्या पाणीपुरवठ्यात तो वॉलमन, म्हणजे पाण्याचे व्हॉल्व्ह उघडणारा-मिटणारा. कुठल्या गल्लीला किती वाजता पाणी, हे त्याच्या हातातल्या लोखंडी चावीवर ठरायचं. त्या दिवशी त्यानं सगळ्या गावाला एकाच वेळी पाणी सोडलं होतं. असं आजवर कधी केलं नव्हतं, पण वरून हुकूम होता. आणि हुकूम निघाला होता आकाशातून गेलेल्या एका दगडामुळे.

तीनशे मीटरचा तो लघुग्रह. शास्त्रज्ञांनी त्याला आकडे आणि अक्षरं जोडून नाव दिलं होतं. गावानं त्याला धोंड्या म्हणून टाकलं. तो पृथ्वीपासून दोन लाख दहा हजार किलोमीटरवरून, म्हणजे चंद्राच्या अलीकडून जाणार होता. कुणाला दिसणारसुद्धा नव्हता. पण चंद्राच्या अलीकडून काहीतरी जातंय एवढं ऐकल्यावर लोकांनी सरळ ग्रहण पाळलं. सकाळपासून वेध धरले. चुली बंद, कात्री-सुरी बंद, गरोदर बायका घरात. डायलिसिसची सकाळची पाळीसुद्धा हॉस्पिटलवाल्यांनी संध्याकाळवर ढकलली, कारण वेधात कामावर यायला कुणी तयार नव्हतं. पाच बावन्नला मोक्ष झाला, म्हणजे ग्रहण सुटलं. गावानं घरातलं साठवलेलं पाणी ओतून दिलं, डोक्यावरून अंघोळी केल्या आणि नवं पाणी भरायला नळ उघडले.

सव्वासहाला दयानंदला हॉस्पिटलमधून फोन आला होता. वॉर्डातल्या कौसल्यामावशी.

"दयाभाऊ, हितं पाणी येईना ओ."

"तुमच्या गच्चीवरची टाकी मी सकाळी काठोकाठ भरलीय मावशी. दहा हजार लिटर हाय. लाइनीत हवा धरली असंल. थांबा जरा."

पलीकडं मावशी काहीतरी बोलायला गेल्या, पण चेंबरभोवती माणसं ओरडत होती. त्यानं फोन ठेवला.

मग तासाभरानं हॉस्पिटलच्या लॅबमधला माणूस गाडी घेऊन आला. "दयाभाऊ, बसा गाडीवर."

"का? काय झालं?"

"तुम्ही बसा आधी."

बसल्यावर त्यानं सांगितलं. उज्ज्वलाला डायलिसिसच्या मशीनवर घेतलंच नव्हतं. मशीनला शुद्ध पाणी लागतं आणि पाणीच नव्हतं. तीन दिवसांचं अंतर पडलेलं, रक्तातलं पोटॅशियम वाढत गेलेलं. सात वाजता हृदय थांबलं. दयानंदनं मागं वळून बघितलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी स्वच्छ पाणी वाहत होतं, आणि त्यातनं गाडीची चाकं सपासप चालली होती.

*

धोंड्याच्या वाटेचं गणित असं होतं की तो आठ वर्षांनी पुन्हा येणार होता. पहिल्या खेपेला पृथ्वीनं त्याला थोडा ओढला, वाट वाकवली, आणि दुसऱ्या खेपेला तो फार जवळून जाणार हे शास्त्रज्ञांनी दोन वर्षं आधीच जाहीर केलं. अठ्ठावीस हजार किलोमीटर. टीव्हीचे उपग्रह जिथून फिरतात त्याच्याही अलीकडून. या वेळी तो साध्या डोळ्यांनी दिसणार होता. कार्तिकातल्या एका मंगळवारी, संध्याकाळी सात वाजून एकतीस मिनिटं वीस सेकंदांनी सगळ्यांत जवळ.

दयानंदची मुलगी ऋतुजा तेव्हा पंधरा वर्षांची होती, आता तेवीस. आई गेल्यावर तिनं डायलिसिसचाच कोर्स केला आणि त्याच हॉस्पिटलात टेक्निशियन म्हणून लागली. चार मशीन, सोळा पेशंट. दिवाळीनंतर धोंड्याची चर्चा वाढली तशी ती वॉर्डातच शाळा भरवू लागली.

"चाचा, तुम्ही सांगा," ती इनामदार चाचांना म्हणाली. चाचा टेलर. मंगळवार, गुरुवार, शनिवार त्यांची संध्याकाळची पाळी. "ग्रहण म्हणजे काय?"

"सावली."

"बरोबर. चंद्राची सावली आपल्यापर्यंत पोचते, कारण चंद्र मोठा आहे. हा दगड तीनशे मीटरचा. सूर्यासमोर धरला तर त्याची गडद सावली मागं फक्त बत्तीस किलोमीटर जाते आणि संपते. आणि तो आहे अठ्ठावीस हजार किलोमीटर लांब. सावली पडणार कशी?"

"म्हणजे माझा बल्ब घरात लावला तर बार्शीत उजेड पडत नाही, तसं."

"तसंच. आणि ओढ म्हणाल, तर चंद्र समुद्राला जेवढा ओढतो त्याच्या एक अब्जांश सुद्धा हा ओढणार नाही. तुमच्या बादलीतलं पाणी हलणार नाही, आणि खराब पण होणार नाही."

"पोरी, मला पटलं. माझं रक्त तासन् तास त्या नळीतनं बाहेर फिरायला जातं आणि परत येतं, तरी मला काही झालं नाही. दगडानं काय होणार? पण माझ्या सुनेला सांग. तिच्या फोनला कोण समजावणार?"

खरी गोम त्या फोनमध्येच होती. सगळ्या घरांत पंचांगाचं एक ॲप होतं. ते ॲप आकाशातल्या हालचालींची सरकारी माहिती आपोआप उचलायचं. कुणीतरी कधीतरी त्यात एक नियम लिहून ठेवला होता: चंद्रापेक्षा जवळून काहीही गेलं तर त्याला ग्रहण समजावं. कुठल्या शास्त्र्यानं सांगितलं नव्हतं, कुठल्या पोथीत नव्हतं. यंत्रानं नियम वाचला आणि गावागणिक वेळ काढून दिली. हिवरदरा: वेध सकाळी १०.४१ पासून, मोक्ष ७.३१.२०. खाली एक ओळ असायची: 'उपाय'. इतर ग्रहणांना तिथं तुळशीपत्र, दर्भ असं यायचं. पाण्यात तुळशीचं पान टाकलं की ते ओतून द्यावं लागत नाही, हे घरोघरी माहीत होतं. धोंड्याच्या खाली यायचं: 'उपाय उपलब्ध नाही'. यंत्राला माहीत नव्हतं एवढाच त्याचा अर्थ. लोकांनी तो वेगळा घेतला: याच्या वेधातलं पाणी कशानंच वाचत नाही, ओतलंच पाहिजे.

ऋतुजानं कंपनीला सात पत्रं लिहिली. एकच उत्तर आलं: आम्ही वापरकर्त्यांच्या श्रद्धेचा आदर करतो.

"श्रद्धा म्हणे," ती त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात भांडी आपटत म्हणाली. "आईला या गावानं मारलं, पप्पा. एकेकानं बादली बादली ओतून मारलं. आणि आता पुन्हा तेच करायला निघालेत."

दयानंद भाकरी मोडत होता. त्यानं मान हलवली. आठ वर्षं ती हे म्हणत होती आणि आठ वर्षं तो मान हलवत होता.

जेवण झाल्यावर त्यानं वहीत पाण्याचा हिशोब मांडला. शिक्षण दहावी, पण तीस वर्षं पाइपातल्या पाण्याशी गाठ. पूर्वीही लोक ग्रहण सुटल्यावर पाणी ओतायचे. पण कुणी पाचला उठायचं, कुणी सातला, कुणाचं घड्याळ मागं. गावाची अंघोळ दोन-तीन तासांत पसरायची आणि टाकीला कळायचंसुद्धा नाही. आता नऊ हजार घरांतले फोन एकाच सेकंदाला वाजणार. नऊ हजार नळ एकाच मिनिटात उघडणार. टाकी पंधरा लाख लिटरची असली तरी पाइप तेवढाच. सगळीकडून तोंडं उघडली की पाणी उताराला पळतं. हॉस्पिटल मुरमाच्या टेकाडावर, लाइनीच्या शेवटाला. तिथं पाण्याऐवजी हवा जाते. लोक पूर्वीपेक्षा वेडे झाले नव्हते. फक्त वेळेचे पक्के झाले होते.

आणि मंगळवारी संध्याकाळी पाच ते नऊ चारही मशीनवर माणसं असणार होती.

*

नगराध्यक्षा वर्षाताई डोईफोडे यांच्या ओसरीवर सकाळी नेहमीसारखी गर्दी होती. एकाला लग्नाची तारीख धोंड्याच्या आधी घ्यायची म्हणून मंगल कार्यालय हवं होतं. दुसऱ्याला मंगळवारी शाळेला सुट्टी हवी होती. तिसरा मुंबईहून मुलाबाळांसह गावी परत आला होता, कारण समुद्र वर येणार असं कुणीतरी सांगितलं होतं. त्याला आता रेशनकार्डावर नाव हवं होतं.

"बोला घोडके," ताई म्हणाल्या.

"मंगळवारी मोक्षाला पाणी सोडणार नाही म्हणून सांगायला आलो."

ओसरीवरची माणसं वळून बघायला लागली.

"अहो, मी सभेत शब्द दिलाय. वीस मिनिटांत गावभर पाणी."

"मला न विचारता दिलाय."

"तुम्हाला विचारून?" ताई हसल्या, मग थांबल्या. उज्ज्वलाचं त्यांना माहीत होतं. आवाज खाली आणून म्हणाल्या, "दयानंदराव, तुमचं दुःख मला समजतं. पण हॉस्पिटलला टँकर लावते ना मी. दोन टँकर."

"टँकर भरायचा कुठनं? आपल्याच टाकीवरनं. आणि विहिरीचं पाणी त्या मशीनच्या फिल्टरला चालत नाही, क्षार लई हाय. ताई, गावाची पाळी बुधवारी सकाळी सहाला आहे. तेव्हा सगळ्यांना देतो. मंगळवारी पाच ते नऊ फक्त हॉस्पिटलची वरची लाइन चालू राहील."

"आणि मी दुसरा माणूस बसवला तर?"

"बसवा. कुठला वॉल किती आटे फिरतो ते मी त्याला लिहून देतो. लपवणार नाही. पण माझ्या हातानं होणार नाही."

बाहेर पडताना मागून कुणीतरी म्हणालं, "बायको मेली म्हणून गावाला पारोसं ठेवतोय का हा?" दयानंदनं चप्पल घातली आणि थेट स्पीकरच्या रिक्षावाल्याकडे गेला.

तीन दिवस तो रिक्षातून फिरला. लिहून आणलेलं नव्हतं. माइक तोंडाशी धरून एकच सांगायचा. "मी दयानंद घोडके, वॉलमन. मंगळवारी मोक्षाला पाणी सुटणार नाही. बुधवारी सकाळी सहाला सुटंल. घरातलं पाणी ओतायचं का ठेवायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. ओतलंत तर रात्रभर कोरडं. मी ग्रहण हाय म्हणत नाही न् न्हाई बी म्हणत नाही. पाणी सुटणार नाही एवढंच सांगतो."

ऋतुजाला हे आवडलं नाही. "न्हाई बी म्हणत नाही म्हणजे काय? ग्रहण नाहीच आहे. सरळ सांगा की तसं."

"तू सांगतीस ते खरं हाय," तो म्हणाला. "पण ते पटायला माणसाला वर्ष लागतं. मला मंगळवारपर्यंत पाणी राखायचंय."

लोक खिडक्यांतून ओरडायचे. "ओ चावीवाले, धोंड्याला पण पाळी लावून द्या!" "सकाळी सहा म्हणजे तुमचे सहा का घड्याळातले सहा?" पण त्याच्या ध्यानात आलं की बायका ऐकून घेत होत्या. ग्रहणाबद्दल त्या वाद घालतील, पाण्याच्या पाळीबद्दल कधी घालत नसत. एकीनं दारातून विचारलं, "खरंच न्हाई सोडणार?" तो म्हणाला, "न्हाई." ती आत गेली आणि बोलताना ऐकू आली, "हंडे ओतू नका गं. हा मनुष्य सोडणार न्हाई."

*

सोमवारी दुपारी तो हॉस्पिटलच्या गच्चीवर टाकी बघायला चढला. कौसल्यामावशी मागोमाग आल्या. साठी उलटली तरी वॉर्डाची झाडलोट त्याच करत होत्या. दयानंदनं झाकण उघडून काठी बुडवली. भरलेली होती. त्यानं झाकणाला तार घातली आणि पक्कड मागितली.

मावशींनी पक्कड दिली नाही. हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

"दयाभाऊ, त्या दिवशी पण भरलेली होती."

"माहीत हाय. मीच भरलेली."

"मी ओतली."

त्यानं वर बघितलं.

"वेधातलं पाणी पेशंटला कसं द्यायचं म्हणून. फोन वाजला, मोक्ष झाला, आणि मी खालचा कॉक उघडला. सगळी रिकामी केली. वाटलं, आता नवं येतंयच. माझ्या हातानं, दयाभाऊ. चांगलं करायला गेले." त्या रडत नव्हत्या. आठ वर्षं पाठ केलेलं बोलावं तसं बोलत होत्या. "फोनवर सांगणार होते तुम्हाला. पाणी येईना म्हणाले, पण ओतलं म्हणायला जीभ उचलंना. मग तुम्ही ठेवला."

गच्चीवर कुणाचे तरी हिरवे गाऊन वाळत होते. दयानंद खाली बसला. त्याला राग यायला हवा होता. तो वाट बघत राहिला, पण राग आला नाही.

"मी ठेवला," तो म्हणाला. "तुम्ही काहीतरी सांगत होता, ते मला कळलं होतं. पाच मिनिटं गावाचा वॉल बंद केला असता तर वर पाणी चढलं असतं. पण टाकी भरलीय हे मला माहीत होतं ना. मला सगळं माहीत असतंय."

शेवटी मावशींनी पक्कड पुढं केली.

"उद्या मी हितंच बसते," त्या म्हणाल्या. "झाकणावर. कोण येतंय बघते."

"ऋतूला यातलं काही माहीत नाही."

"मी कशी सांगू? ती मला मावशी म्हणती."

"मी सांगीन," दयानंद म्हणाला. "उद्याचं पार पडू दे."

*

मंगळवारी साडेसहालाच टाकीच्या पटांगणात शंभरेक माणसं जमली. काही दगड बघायला आलेली, काही बादल्या घेऊन. दयानंद चेंबरच्या लोखंडी झाकणावर मांडी घालून बसला होता. चावी मांडीखाली. दुसरा माणूस आला नव्हता. ताईंनी ज्याला सांगितलं त्यानं आटे लिहिलेला कागद बघितला आणि पोटात दुखतंय म्हणून घरी गेला.

सात वीसला कुणीतरी ओरडलं, "त्यो बघा!" दक्षिणेकडून एक तारा निघाला होता. विमानापेक्षा सावकाश, आवाज नाही, लुकलुक नाही. कुणी हात जोडले. एका पोरीनं बापाच्या खांद्यावरून हात हलवला. तो डोक्यावरून पुढं सरकत राहिला आणि सात एकतीसला सगळ्या खिशांतून एकदम घंटा वाजली. मोक्ष.

"दयाभाऊ, उठा आता," पुढचा माणूस म्हणाला.

"सकाळी सहाला."

"घरात बाळंतीण हाय हो! सगळं पाणी ओतलंय आईनं."

"माझ्या घरी चार ड्रम भरून ठेवलेत. घराला कुलूप न्हाई. बाळंतिणीला, म्हाताऱ्याला लागंल तेवढं न्या. आणखी कुणाचं ओतलंय?"

सात-आठ हात वर झाले. शंभरांतले सात-आठ. दयानंदनं मनात मोजलं आणि त्याला पहिल्यांदा बरं वाटलं. पण मागची पोरं रेटायला लागली होती. एकानं झाकणाच्या कडेत बोटं घातली. "उठतोय का उचलू?"

तेवढ्यात फोन वाजला. ऋतुजा.

"पप्पा, प्रेशर पडलंय. खालनं पाणी चढतच नाही. चौघं मशीनवर आहेत. वरची टाकी दिवसभरात सगळ्या हॉस्पिटलनं वापरून तळाला गेलीय, तिच्यावर अर्धा तास निघेल, पुढं नाही."

गावाचे वॉल बंद होते. गावाची उंच टाकी भरलेली होती. म्हणजे पाणी जायलाच हवं होतं. त्याच्या तोंडात शब्द आलेसुद्धा, लाइनीत हवा धरली असंल, थांब जरा. त्यानं ते गिळले.

"अजून काय दिसतंय? नीट सांग. मी ऐकतोय."

"नळ उघडला तर उलटी हवा ओढतोय. कुणीतरी चोखल्यासारखी."

चोखल्यासारखी. शिक्षक कॉलनी. टेकाडाच्या अलीकडे तीस घरं, वरच्याच लाइनीवर. मोक्षाला सगळ्यांनी एकदम नळ उघडले आणि धार बारीक पडली म्हटल्यावर त्यांनी मोटरी लावल्या असणार. तीस मोटरी एका पाइपाला. कॉलनीचा फाटा रस्त्याकडेला होता, तिथं जाऊन वॉल बंद करायला हवा होता. पण चेंबरवरून उठला तर इथं पोरं झाकण उचलणार.

गर्दी बाजूला झाली. वर्षाताईंची गाडी आली होती. ताई तणतणत पुढं आल्या. "घोडके, मला चारशे फोन आले. आत्ताच्या आत्ता—"

"ताई, हितं बसा."

"काय?"

"माझ्या जागी बसा. वर चार माणसांचं रक्त मशीनीत हाय आणि कॉलनीवाल्यांनी पाणी ओढलंय. मला दहा मिनिटं जायचंय. मला हे लोक उचलून टाकतील, तुम्हाला न्हाई टाकणार." त्यानं फोन त्यांच्या कानाला लावला. "ऋतू, ताईंना सांग."

ऋतुजानं काय सांगितलं ते त्याला ऐकू आलं नाही. ताईंचा चेहरा तेवढा त्यानं बघितला. त्यांनी फोन परत दिला, पदर खोचला आणि रेशमी साडीनिशी त्या गंजक्या झाकणावर बसल्या.

"बघता काय?" त्या पोरांवर ओरडल्या. "गाडी द्या रे कुणीतरी त्यांना!"

ज्यानं झाकणात बोटं घातली होती त्यानंच गाडी काढली. कॉलनीत शिरतानाच मोटरींची घरघर ऐकू येत होती. फाट्याचा चेंबर मातीनं भरला होता. दोघांनी हातांनी माती उपसली. दयानंदनं चावी घातली. अकरा आटे. वॉल वर्षानुवर्षं फिरवला नव्हता. तिसऱ्या आट्याला अडला. पोरानं चावीच्या दुसऱ्या बाजूला हात घातला. "ओढा काका." चौथा, पाचवा. शेवटच्या आट्याला मोटरींचा आवाज बदलला, कोरड्या फिरायला लागल्या. एक मास्तर बनियनवर बाहेर आले. "काय चाललंय हे? अर्धी बादली पण भरली नाही!"

"मोटर बंद करा सर, जळंल," पोरगा म्हणाला.

दयानंदनं फोन लावला. पलीकडं ऋतुजानं फोन उघड्या नळापाशी धरला. मग नळाचा खाकरल्यासारखा आवाज आला आणि पाठोपाठ धार.

"आलं," ती म्हणाली. "पप्पा, आलं."

*

नऊला चाचांचा हात मशीनवरून सुटला. त्यांनी कापसाचा बोळा दाबून धरत विचारलं, "गेला का धोंड्या? मला कुणी दाखवला पण नाही. एवढा जवळ आला आणि चहा पण न पिता गेला." ऋतुजा हसली. कितीतरी दिवसांनी अशी हसली. मग ती बाहेर पायरीवर येऊन बापाशेजारी बसली. कौसल्यामावशी गच्चीवरून उतरल्या होत्या आणि दारात उभ्या होत्या.

"पप्पा, तुम्ही फोन उचललात आणि विचारलंत, अजून काय दिसतंय. म्हणून झालं आज," ती म्हणाली. "आईच्या वेळी एकानंसुद्धा फोन केला नसेल. या गावात कुणाला—"

"केला होता," दयानंद म्हणाला.

ती त्याच्याकडं वळली.

"सव्वासहाला फोन आला होता. मी उचलला. पाणी येईना म्हणून सांगितलं, आणि मी म्हणालो टाकी भरलीय, थांबा. ऐकून घेतलं नाही. ठेवून दिला."

"फोन मी केलेला," मावशी दारातून म्हणाल्या. "आणि टाकी मी ओतलेली. वेधातलं म्हणून. त्यांना सांगितलं न्हाई."

ऋतुजा एकदा बापाकडं, एकदा मावशींकडं बघत राहिली. आतून मशीनचा इशारा वाजला. दुसऱ्या पेशंटची वेळ संपली होती. ती उठली, हात धुतले आणि आत गेली. पेशंटची सुई तिनं नेहमीसारखीच काढली, हे दयानंदनं काचेतून बघितलं.

बुधवारी सकाळी सहाला त्यानं गावाला पाणी सोडलं, पाळीप्रमाणे, एकेका भागाला. ताईंनी त्याला नोटीस दिली नाही आणि शाबासकीही दिली नाही.

घरात मात्र नऊ दिवस ऋतुजा कामापुरतं बोलली. जेवायला वाढायची, ताट उचलायची. दहाव्या दिवशी तिनं त्याच्यासमोर एक कागद ठेवला. टाकीपासून हॉस्पिटलपर्यंत स्वतंत्र लाइन मिळण्याबाबत अर्ज. मधे एकही फाटा नको, असं खाली रेघ मारून लिहिलं होतं. खाली तिची सही, कौसल्यामावशींचा अंगठा, चाचांची सही.

"अंतर किती लिहू?" तिनं विचारलं.

"तेराशे ऐंशी मीटर. पाइप सहा इंची."

तिनं लिहिलं. "मला गावाला शिव्या द्यायची सवय झालीय," ती म्हणाली. "आता कुणाला द्यायच्या ते कळत नाही. तुम्हाला देता येत नाहीत. मला वेळ लागेल."

"घे," तो म्हणाला, आणि सही केली.

अर्ज नगरपरिषदेत दाखल झाला आहे. ॲपमधला नियम आहे तसाच आहे, आणि धोंड्या पुढच्या खेपेला एकोणीस वर्षांनी यायचा आहे. हॉस्पिटलला पाणी अजून त्याच जुन्या लाइनीतून जातं. तेराशे ऐंशी मीटरचा चर खणून पाइप टाकायचा आहे. त्यातला एक मीटरही अजून खणलेला नाही.